इनटेकमध्ये आलेले ऑइल : आरएक्स-८ चे रोटरी इंजिन उघडण्याआधी

गुहागरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २००६ सालची माझदा आरएक्स-८ आहे, सहा गिअरची मॅन्युअल, दोन वर्षांपूर्वी मुंबईतून घेतलेली. मे महिन्यात एका गॅरेजमध्ये इंजिन ऑइल बदलले आणि पाच लिटरचा डबा पूर्ण ओतला. त्यानंतर एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप जिथे असते तो भाग) यांच्यामधल्या वळ्यावळ्यांच्या रबरी पाइपात ऑइल साचू लागले. थ्रॉटलची झडप ओली दिसते, सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर निळसर धूर येतो, आणि ऑइल ओतण्याच्या नळीचे झाकण उघडले की आत ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट-पिवळा थर असतो. एका मेकॅनिकने इंजिन संपले आहे असे सांगून ते उघडण्याचा सल्ला दिला आहे, तर आरएक्स-७ ही माझदाचीच आधीची रोटरी गाडी बाळगणाऱ्या पुण्याच्या एका मित्राने टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे, सील तपासायला सांगितले आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे, हा आपला प्रश्न आहे.

मी अकरा वर्षे शारजातील एका गॅरेजमध्ये काम केले. तिथे ही गाडी आठवड्यातून एकदा तरी हाताखालून जात असे. आता रत्नागिरीत माझे स्वतःचे छोटे गॅरेज आहे. आपण लिहिलेल्या खुणांवरून माझे मत स्पष्ट आहे : आज हे इंजिन उघडण्याचे काही कारण मला दिसत नाही. इंजिन निरोगी आहे असे मी म्हणत नाही, कारण गाडी न पाहता ते म्हणता येणार नाही. परंतु इनटेकमधले, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातले, ऑइल हा इंजिन झिजल्याचा पुरावा होऊ शकत नाही, आणि आपल्या गाडीत त्याला दुसरे, फार सोपे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. रोटरी इंजिन एकदा उघडले की सील, रिंगा आणि रबरी ओ-रिंगांचा पूर्ण संच नवा घालावा लागतो, तो परदेशातून मागवावा लागतो, आणि जुळणी करणारा अनुभवी हात आपल्या किनारपट्टीवर सहज मिळत नाही. म्हणून तपासणीचा क्रम नीट पाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी या इंजिनात ऑइल कुठून कुठे जाते ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. येथे पिस्टन नाही. लंबगोल घरात त्रिकोणी रोटर फिरतो, आणि रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. रोटरच्या पोटात ऑइल फिरत असते आणि तेच त्याला थंड ठेवते. हे ऑइल बाजूच्या भिंतींवरून दहनकक्षात उतरू नये म्हणून रोटरच्या दोन्ही बाजूंना ऑइल रिंगा असतात आणि त्यांच्या आत रबरी ओ-रिंग असते. मात्र रोटरच्या तीन टोकांवरचे अपेक्स सील घराच्या भिंतीवर सतत घासत असतात, आणि त्यांना वंगण मिळावे म्हणून एक वेगळा मीटरिंग पंप बारीक नोझलमधून इंजिन ऑइलच थेंबाथेंबाने आत सोडतो. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळते. म्हणजे हे इंजिन रचनेनेच ऑइल खाते. माझ्या पाहण्यात चांगल्या अवस्थेतील आरएक्स-८ दीड ते दोन हजार किलोमीटरला साधारण एक लिटर ऑइल घेते. ‘ऑइल कमी होते’ आणि ‘ऑइल इनटेकमध्ये येते’ या दोन तक्रारी अगदी वेगळ्या आहेत, आणि त्या एकत्र केल्यामुळेच अनेक चांगली इंजिने विनाकारण उघडली गेलेली मी पाहिली आहेत.

आता इनटेकमध्ये ऑइल येण्याच्या वाटा पाहू. पहिली वाट ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपाची. दहनकक्षातला थोडा वायू रोटरच्या बाजूंवरचे साइड सील आणि ऑइल रिंगा ओलांडून खाली ऑइलच्या तळकुंडात जातोच. त्याला बाहेर पडायला जागा हवी, म्हणून ऑइल ओतण्याच्या उंच नळीच्या वरच्या भागातून एक रबरी पाइप निघतो आणि थ्रॉटलच्या अलीकडे इनटेकला जोडला जातो. वायूबरोबर ऑइलची वाफ येते, आणि तळकुंडातली पातळी प्रमाणाबाहेर असेल तर जोराच्या वळणात पातळ ऑइलच त्या नळीत चढून पाइपाने थेट इनटेकमध्ये उतरते. दुसरी वाट नोझलची. मीटरिंग पंपाच्या ऑइल नोझलना हवेच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. नोझलच्या आतली एकदिशा झडप निकामी झाली की ऑइल इंजिनाकडे जाण्याऐवजी त्या हवेच्या नळीतून उलटे सरकते. तिसरी वाट टर्बोची. आपल्या मित्राचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते बरोबर असेल, कारण १९९१ ते २००२ या काळातील आरएक्स-७ ला दोन टर्बो होते आणि तिथे सील गळले की टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत ऑइल पोहोचते. आरएक्स-८ ला टर्बोच नाही, त्यामुळे ती वाट आपल्यासाठी बंद आहे.

राहिल्या ऑइल रिंगा. त्या गळू लागल्या तर ऑइल रोटरच्या बाजूने दहनकक्षात झिरपते, रात्रभर साचते आणि सकाळी धुराच्या रूपाने बाहेर पडते. थ्रॉटलच्या अलीकडच्या पाइपात ऑइलचे डबके करणे त्यांच्याने होत नाही. म्हणून ऑइल नेमके कोणत्या जागी ओले आहे, हीच पहिली आणि सर्वांत मोलाची खूण आहे. रबरी पाइप काढून बॅटरीच्या उजेडात आत नीट पाहावे. ब्रीदरचा पाइप जिथे जोडलेला आहे त्या तोंडापासून खाली ओघळ दिसत असेल आणि त्या तोंडाच्या अलीकडचा, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूचा भाग कोरडा असेल, तर वाट ब्रीदरची. ब्रीदरचे तोंड कोरडे असून नोझलच्या हवेच्या नळ्या आतून तेलकट निघाल्या तर नोझल संशयित. त्या नळ्यांमध्ये फक्त हवा असायला हवी. नोझलची परीक्षाही साधी आहे : हवा इंजिनाच्या दिशेने जायला हवी आणि उलट परत येता कामा नये.

आपल्या प्रश्नात एक वाक्य असे आहे, ज्यावर मी दोनदा थांबलो : ‘पाच लिटरचा डबा पूर्ण ओतला.’ दोन ऑइल कूलर असलेल्या मॅन्युअल आरएक्स-८ मध्ये एकूण ऑइल सहा लिटरांहून जास्त असते, परंतु ड्रेन बोल्ट उघडून आणि फिल्टर बदलून साधारण साडेतीन लिटरच बाहेर येते. बाकीचे कूलरमध्ये, पाइपांमध्ये आणि इंजिनाच्या पोटात राहते. माहितीपत्रकातला मोठा आकडा पाहून किंवा इतर गाड्यांच्या सवयीने डबा रिकामा केला तर पातळी लिटर-दीड लिटरने वर जाते. ही चूक करणारा मेकॅनिक अडाणी असतो असे नाही. त्याने असे इंजिन आधी पाहिलेले नसते, इतकेच.

दुसरी चूक डिपस्टिक वाचण्याची. या गाडीची डिपस्टिक लांब आणि लवचीक आहे, तिच्या नळीच्या भिंतींना ऑइल लागलेले असते आणि घाईने पाहिले की काठीच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे आकडे दिसतात. त्यात आपल्याकडची घरे डोंगराच्या उतारावर, खळे जांभ्याने बांधलेले आणि पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतरते ठेवलेले. अशा जागी उभ्या असलेल्या गाडीची पातळी खरी कळत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन जागा एकदा तपासावी, नाही तर पेट्रोल पंपाच्या काँक्रीटवर गाडी न्यावी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बंद करावे, पाच मिनिटे थांबावे, काठी पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि दोन्ही बाजू पाहून कमी दिसणारी पातळी खरी धरावी. पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल तर जास्तीचे ऑइल ड्रेन बोल्टमधून किंवा नळीने ओढून काढावे. मी माझ्या ग्राहकांच्या गाड्यांमध्ये पातळी दोन खुणांच्या मध्यापासून पाऊण भागापर्यंत ठेवतो. वरच्या खुणेला टेकवून ठेवल्याने कोणताही लाभ नाही, आणि कुंभार्ली घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर तोटा मात्र निश्चित आहे. पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देणे त्याहून वाईट आहे, म्हणून दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना काठी पाहावी.

पांढऱ्या थराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो पाहून लोक सर्वांत जास्त घाबरतात. ऑइल ओतण्याची नळी इंजिनापासून दूर आणि उंच आहे, त्यामुळे ती लवकर तापत नाही. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा पाण्याने जड असते, आणि गुहागरमध्ये गाडी बाजारापर्यंत जाऊन परत येते, म्हणजे दहा मिनिटांत बंद होते. इंजिनातून आलेली वाफ त्या थंड नळीत पाणी होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते आणि साय धरते. शारजात ही तक्रार क्वचित येत असे. रत्नागिरीत प्रत्येक पावसाळ्यात येते. परंतु असाच थर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्याची, गळती असतानाही दिसू शकतो, म्हणून केवळ हवामानावर भार टाकून मोकळे होऊ नये. डिपस्टिकच्या टोकावरचे ऑइल स्वच्छ, पारदर्शक तपकिरी असेल, कूलंटची पातळी महिनाभर हललेली नसेल, थंड इंजिन चालू केल्यावर कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत नसतील आणि कूलंट यंत्रणेला दाब देऊन ठेवल्यावर तो उतरत नसेल, तर ती साय बाष्पाचीच आहे. ती पुसून काढावी आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग, पूर्ण तापेपर्यंत चालवावी. यांपैकी एकही गोष्ट उलटी निघाली तर मात्र घरांच्या जोडांमधले कूलंट सील फुटल्याची शंका धरावी लागेल, आणि तेव्हा इंजिन उघडण्याचा विषय खरोखर पुढे येईल.

पातळी दुरुस्त झाल्यावर सफाई करावी. रबरी पाइप काढून धुवावा, पूर्ण वाळवावा आणि त्याच्या वळ्यांमध्ये चीर आहे का ते ताणून पाहावे, कारण ऑइलने रबर फुगते आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे चीर असली की न मोजलेली हवा आत जाते. क्लँप बहुधा खारट वाऱ्याने गंजलेले असतील, ते नवे घालावेत. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणून इग्निशन चालू असताना झडप बोटाने ढकलू नये. कापडाला क्लीनर लावून पुसावी. हवा मोजणाऱ्या सेन्सरला त्याच्यासाठीचाच क्लीनर वापरावा आणि त्याला हात लावू नये.

यानंतर मोजमाप. ब्रीदरचा पाइप इनटेकपासून सोडवून तो पारदर्शक बाटलीत उतरवावा. बाटलीला वायू बाहेर जाण्यासाठी भोक ठेवावे आणि ती गरम भागांपासून दूर घट्ट बांधावी. इनटेककडचे रिकामे झालेले तोंड रबरी टोपीने बंद करणे विसरू नये, अन्यथा मघाशी सांगितलेली न मोजलेली हवा तेथून शिरेल आणि नवीच तक्रार निर्माण होईल. मग आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर दोनशे किलोमीटर शांतपणे चालवून बाटली पाहावी, आणि नंतर चिपळूणहून कुंभार्ली घाट एकदा चढून-उतरून पुन्हा पाहावी. दोन्ही वेळी किती मिलिलीटर जमले ते लिहून ठेवावे. पातळी योग्य असताना चमचाभर ऑइल आणि थोडे पांढरट पाणी जमले तर मी त्याला आजार मानत नाही. शांत चालवण्यात काहीच नाही आणि घाटात मात्र पन्नास मिलिलीटर आले, तर पातळी अजून जास्त आहे किंवा डिपस्टिक चुकीची बसली आहे असे समजावे. सपाट रस्त्यावरही बाटली भरू लागली, तर तळकुंडात वायूचा दाब जास्त आहे, आणि हा सील झिजल्याचा खरा संकेत आहे.

धुराचे कोडेही याच प्रयोगात सुटते. इनटेक स्वच्छ आहे, ब्रीदर बाटलीत आहे, म्हणजे त्या वाटेने ऑइलचा थेंबही आत जात नाही. आता रात्रभर उभी ठेवलेली गाडी सकाळी चालू केली. निळा धूर नाहीसा झाला, तर तो इनटेकमध्ये साचलेल्या ऑइलचाच होता. पहिल्या एक-दोन दिवशी थोडा राहील, कारण थ्रॉटलच्या पुढच्या हवेच्या नळ्यांच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या, तळाशी उरलेले ऑइल जळून जायला वेळ लागतो. आठवड्यानंतरही प्रत्येक सकाळी तितकाच येत असेल, तर नोझल निर्दोष असल्याची खात्री करून ऑइल रिंगांच्या ओ-रिंगा दोषी धराव्यात. धुराचा रंग दिवसाच्या उजेडात पाहावा. पांढरा आणि पेट्रोलचा वास असलेला धूर हा ऑइलचा नसतो. हे इंजिन थंड असताना दोन मिनिटे चालवून बंद केले की आत पेट्रोल साचते, आणि खळ्यात गाडी जरा पुढे-मागे करण्याची आपली सवय त्याला कारणीभूत ठरते. एकदा चालू केलेली गाडी पूर्ण तापवूनच बंद करावी.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे रोटर आतल्या हवेवर किती दाब निर्माण करतो त्याचे माप. खरे तर आपल्या मेकॅनिकने निकाल देण्याआधी ही एक चाचणी करायला हवी होती. पिस्टनच्या इंजिनाचा साधा गेज येथे पुरेसा नाही, कारण तो एका रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो आणि एक अपेक्स सील तुटलेले असले तरी ते लपून जाते. रोटरीसाठीचा टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन आकडे वेगळे देतो. इंजिन गरम हवे, बॅटरी पूर्ण भरलेली हवी, पेट्रोल आणि ठिणगी बंद हवी, आणि स्टार्टर किती वेगाने फिरवत होता ते नोंदवलेले हवे. शाफ्टच्या मिनिटाला २५० फेऱ्यांवर प्रमाण आकडा ८३० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि किमान ६८० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ६.९ किलो आहे. एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये १५० किलोपास्कलहून आणि दोन रोटरांमध्ये १०० किलोपास्कलहून जास्त फरक नसावा. स्टार्टर मंद फिरत असेल तर निरोगी इंजिनाचेही आकडे खाली येतात, म्हणून वेगाशिवाय दिलेला आकडा मी स्वीकारत नाही. टेस्टर मिळत नसेल तर गेजची झडप काढून सुई पाहावी. तीन ठोके समान आणि लयीत पडले तर निदान तुटलेले सील नाही एवढे कळते. दोन मोठे आणि एक लहान ठोका पडला तर विषय गंभीर आहे.

हे सगळे व्यवस्थित निघाले तरी इनटेकमध्ये गेलेल्या ऑइलची जुनी मळी राहतेच, आणि ती दुर्लक्षित करू नये. २००३ मध्ये आलेल्या या रेनेसिस इंजिनाच्या इनटेकमध्ये शाफ्टच्या मिनिटाला होणाऱ्या वेगवेगळ्या फेऱ्यांवर उघडणाऱ्या झडपा आहेत. त्यांतली दुय्यम झडप साधारण ३,७५० फेऱ्यांवर उघडते, आणि ऑइलची मळी जळून चिकट झाली की ती अडकते. घाट चढताना चार हजारांच्या पुढे गाडी ओढत नाही अशी तक्रार आपल्याला असेल तर तिचे मूळ तिथे शोधावे. स्पार्क प्लगही काढून पाहावेत. ते काळे, ओले असतील तर बदलावेत, कारण न जळलेले मिश्रण पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवते आणि शेवटी चोंदवते.

मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्यांच्या इंजिनासाठी मिळणारे टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावे का, असेही आपण विचारले आहे. मीटरिंग पंप चालू ठेवून लिटरला पाच मिलिलीटरच्या आसपास राख न धरणारे चांगले टू-स्ट्रोक ऑइल मिसळण्याला माझा विरोध नाही. अपेक्स सीलना त्याची मदत होते. परंतु इनटेकमधल्या ऑइलशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि निदान पूर्ण होईपर्यंत ते मिसळू नये, कारण त्याचाही निळसर धूर येतो आणि वर सांगितलेली धुराची परीक्षा निरुपयोगी होते.

कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरमधून येणारे ऑइल आणि पाणी अडवून साठवणारा डबा, बसवण्याविषयी माझे मत असे आहे की पातळी दुरुस्त केल्यानंतरच त्याचा विचार करावा. आधी बसवला तर दोष डब्यात झाकला जातो आणि ऑइलची पातळी मात्र चुकीचीच राहते. घाटाचा प्रवास नियमित असेल तर आत जाळी असलेला, दृश्य पातळीची नळी असलेला कॅन घ्यावा आणि तो सहज हात पोहोचेल अशा जागी बसवावा. पावसाळ्यात त्यात ऑइलपेक्षा पाणीच जास्त जमते, म्हणून त्या चार महिन्यांत तो दर पंधरा दिवसांनी रिकामा करावा, आणि जमलेले पांढरट मिश्रण कितीही कमी असले तरी परत इंजिनात ओतू नये.

बाटलीतले दोन आकडे, आठवड्यानंतरच्या सकाळच्या धुराचे वर्णन आणि दोन्ही रोटरांचे सहा कॉम्प्रेशन आकडे स्टार्टरच्या वेगासह मला कळवावेत. किमान मर्यादेच्या खाली एकही बाजू गेली असेल, तर इंजिन कुठे आणि कोणाकडून उघडून घ्यावे, कोणते भाग आधी मागवून ठेवावेत, याविषयी मी स्वतंत्रपणे लिहीन. तोपर्यंत गाडी पाच हजार फेऱ्यांच्या आत, ऑइलची पातळी रोज पाहून चालवायला हरकत नाही.